एकोणीस अंशांचं कपाट

रेसिस्तेन्सिया, ४ डिसेंबर २००८

प्रिय एर्मिंदा आत्या,

फोनवर तू म्हणालीस, "लिही गं, फोनवर नुसती आरडाओरड होते," म्हणून लिहायला बसले आहे. एरवी मी पत्र लिहिणाऱ्यांतली नाही, हे तुला माहीत आहेच.

तर ऐक. मला तुझी गव्हाची बिअर इथे बनवायची आहे. हसू नकोस, हसायला इथे बाबा आहेत. दोन हिवाळ्यांपूर्वी तुझ्या तळघरात त्या पायरीवर बसून प्यायले, ती चव अजून डोक्यातून जात नाही. गेल्या वर्षी न्हाणीघरात बादली ठेवून एकदा करून पाहिली होती. इथल्या उन्हाळ्यात तिला दिवसभरात कुबट मोज्यांचा वास आला आणि आईने ती माझ्यासकट बाहेर काढली. तुमच्याकडे डोंगराचा गारवा फुकट आहे. आमच्याकडे दुपारी फाटकाच्या लोखंडाला हात लावता येत नाही.

पण आता मी शिकवते त्या शाळेने स्वयंपाकघरातला जुना फ्रीज टाकायला काढला आणि मी तो मागून आणला. परसातल्या शेडमध्ये उभा आहे. दार नीट लागत नाही, पण मशीन चालू आहे. लोक अशा फ्रीजला बाहेरून थर्मोस्टॅट लावून आंबवण्याचं कपाट करतात म्हणे, हवं तेवढंच गार ठेवणारं. पुढच्या आठवड्यात शाळा सुटते, मग मार्चपर्यंत मी, माझी गणितं आणि हे कपाट. बाबा म्हणाले, "बिअरला कपाट कशाला? आधी माणसांसाठी कर, आम्ही सगळे आत जाऊन बसतो."

तुझं यीस्ट थोडं देशील? दुकानातली पुडी वापरता येते, पण मग ती तुझी बिअर नाही होणार.

तुझी,
नोएमी


एल बोल्सोन, १५ डिसेंबर

लाडके नोएमी,

बरणी बसच्या ड्रायव्हरकडे दिली आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून लोकरीच्या मोज्यात घातली आहे, तेव्हा मोजा बघून आई पुन्हा घाबरायला नको. झाकण सावकाश उघड, आत जीव आहे, फसफसेल. अर्धंच वापर आणि अर्धं घरातल्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेव. हे विरजण मी लग्नाच्या आधीपासून सांभाळलं आहे. नवरा गेला, दोन कुत्री गेली, पण हे राहिलं.

आता कपाटाचं. सालुस्तियानो, माझा शेजारी, त्याच्या मुलाने असंच एक केलं होतं आणि पहिल्यांदा सपशेल फसला होता, कारण त्याने सेन्सर नुसता हवेत लोंबकळत ठेवला. बिअरचा काढा आंबायला लागला की पिंप आपली ऊब आपणच तयार करतं. कपाटातली हवा गार आणि पिंपाच्या पोटात ताप, असा प्रकार होतो. म्हणून सेन्सर पिंपाच्या पोटाला चिकटव आणि त्याच्यावर स्पंजचा तुकडा दाबून पट्टी मार. मग थर्मोस्टॅटला पिंपाचं खरं काय ते कळेल. एकोणीस अंशांवर लाव. त्याखाली गेलीस तर नुसती लवंग येते, वर गेलीस तर केळं डोक्यावर बसतं, आणि फारच वर गेलीस तर नखांचा रंग पुसायचं औषध.

एक अट आहे. मला रोजच्या वासाचं नीट लिहायचं. "छान येतोय" असलं काही चालणार नाही, छान हा काही वास नव्हे. कशासारखा, किती, झाकणाशी की खोल, सगळं. तू मुलांची परीक्षा घेतेस, तर एक माझी दे.

माझ्याकडे सगळं ठीक. गव्हाची बिअर पिंपात आहे, सालुस्तियानो म्हणतो मस्त झाली आहे.

आत्या


रेसिस्तेन्सिया, ६ जानेवारी २००९

प्रिय आत्या,

आज तीन राजांचा सण. शेजारच्या पोरांनी भेटवस्तू आणणाऱ्या राजांच्या उंटांसाठी ठेवलेलं गवत रात्रीत आमच्या कोंबड्यांनी फस्त केलं, त्यामुळे सकाळपासून गल्लीत आनंदीआनंद आहे.

कपाट झालं! दाराचं रबर चिरलं होतं. नवं मिळेना, तेव्हा जुन्या सायकलच्या ट्यूबा कापून चिकटवल्या. दारात आता कागद अडकवला तर ओढून निघत नाही. आतले कप्पे काढले आणि मशीनवर पिंपाचं वजन येऊ नये म्हणून लाकडी पाट केला. सेन्सरची तार आत न्यायला भोक पाडायचं होतं. बाजूच्या पत्र्यात गॅसची नळी कुठून जाते ते दिसत नाही, आणि ती फुटली की संपलं. मी पत्र्यावर पिठाचा लगदा फासला आणि मशीन चालू केलं. मशीन चाललं की नळी तापते, म्हणून तिच्या वरचा लगदा आधी वाळला, तशा रेघा उमटल्या, आणि मी रेघा सोडून भोक पाडलं. बाबा मागे उभे राहून म्हणत होते, "आता मेला. आता मेला." मेला नाही.

परवा काढा उकळला, शेडमध्येच, आणि काढ्याबरोबर मीही भाजून निघाले. तुझं अर्धं विरजण घातलं. उरलेलं घरच्या फ्रीजमध्ये आंब्याच्या मुरंब्यामागे आहे. आईने बरणीवर "हात लावू नये" असं लिहिलं आहे, ते मला उद्देशून की मुरंब्याला, ते कळत नाही.

आता वास. काल सकाळी भिजलेल्या पिठाचा, पाव भाजण्याआधी येतो तसा. आज सकाळी पिंपाच्या झाकणातल्या नळीशी नाक नेलं तर पिठाच्या मागे हलकं केळं. लवंग अजून नाही. थर्मोस्टॅटचा आकडा एकोणीस. सकाळी उठले की एकोणीस, झोपायला जाताना एकोणीस. मला इतका अभिमान वाटतोय की विचारू नकोस.

नोएमी


एल बोल्सोन, १४ जानेवारी

नोएमी,

भोकाची युक्ती मी सालुस्तियानोला वाचून दाखवली. त्याला काही कळलं नाही, पण त्याने टोपी काढली.

केळं म्हणजे कसलं केळं? हिरवट सालीचं, पिवळं, की काळे ठिपके पडलेलं? लवंग आली का? आली असेल तर चावल्यावर येते तशी, की डब्याचं झाकण उघडल्यावर येते तशी? गंधकाचा, म्हणजे काडी ओढल्याचा वास मध्येच येऊन जातो, तो आला का? तुझ्या पत्रात तीन ओळी वासाच्या आणि दोन पानं सायकलच्या ट्यूबांची.

रागावत नाही. पण नीट लिही. मला हे कळणं गरजेचं आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी हॉप्सच्या कडू फुलांची तोडणी झाली की जत्रा. दरवर्षी पहिलं पिंप माझंच फोडतात. यंदाही विचारायला आले होते. अजून काही सांगितलं नाही.

आत्या


रेसिस्तेन्सिया, २४ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र तीनदा फाडलं.

बिघडली. तुझ्या मागच्या पत्राच्या आधीच मला शंका येत होती, पण वाटलं आपलंच नाक वेडं आहे. केळं आलं होतं, पिकून काळं पडलेलं, मग ते केळं राहिलंच नाही. आता झाकण उघडलं की सरळ नखांचा रंग पुसायचं औषध. त्याच्याखाली डिंक. खूप खोल गेलं तर एक जळजळीत दारूचा वास, डोळ्यांत पाणी आणणारा. लवंग कुठेही नाही. आईला नेऊन हुंगायला दिलं. ती म्हणाली, "हे प्यायचं आहे की दाराला लावायचं आहे?"

मी काय चुकले ते शोधून शोधून दमले. पिंप उकळत्या पाण्याने धुतलं होतं. आणि आकडा, आत्या, मी तुला शपथेवर सांगते, एकदाही वीसच्या वर दिसला नाही. उलट कधी रात्री पाहिलं तर सतरा-अठराच असायचा.

तू परीक्षा म्हणाली होतीस. मी नापास. पण तू इतकी कडक परीक्षा घेतेस हे मला माहीत नव्हतं, खरं सांगते, तुझं मागचं पत्र वाचून मला थोडं लागलं. पिंप अजून कपाटातच आहे. ओतून द्यायला मन होत नाही.

नोएमी


एल बोल्सोन, १ फेब्रुवारी

नोएमी बाळा,

ती परीक्षा नव्हती. लागलं असेल तर माफ कर.

जुलैमध्ये मला ताप आला होता ना, त्यात मला वास येणं बंद झालं. ताप गेला, वास आला नाही. सुरुवातीला वाटलं येईल. एकदा दूध उतू जाऊन करपलं, ते मला डोळ्यांत धूर गेल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आता आशा धरू नका. मी कुणाला सांगितलं नाही. बिअर बनवणाऱ्या बाईला वास येत नाही, हे गावात कसं सांगू?

तेव्हापासून मी आंधळेपणाने बनवते आहे. सालुस्तियानो प्रत्येक वेळी मस्त म्हणतो. पण त्याने एकदा माझ्याकडे चुकून व्हिनेगर प्यायलं होतं, तेव्हाही तो मस्तच म्हणाला होता. ऑक्टोबरपासून गिऱ्हाइकं कमी येतात. विरजण बिघडलं का? की मी बिघडले? मला कळायला मार्गच नव्हता. आणि मग तुझं पत्र आलं. दुसरीकडे, दुसऱ्या हातांनी, आकडा धरून ठेवणाऱ्या कपाटात माझंच विरजण. मला वाटलं, या पोरीचं नाक मला खरं सांगेल. तू सांगितलंस. एकोणीस अंशांवर औषधाचा वास येत असेल तर दोष विरजणाचा. तुझी काही चूक नाही, तू सगळं बरोबर केलंस.

जत्रेवाल्यांना "नाही" म्हणून कळवलं आहे. लोकांना काय पाजते आहे हे मलाच कळत नसेल तर मी पाजू नये. रविवारी माझ्याकडची विरजणाची बरणी ओतून टाकणार आहे. इतक्या वर्षांनी रडू येतं, पण येऊ दे.

आता मी कानांवर भागवते. पिंप कसं बुडबुडतं, लाकूड कसं वाजतं, ते ऐकत बसते. माझ्याकडे फ्रीज नाही, म्हणून एक विचारावंसं वाटतं, उगाच, कुतूहल म्हणून. तुमच्या त्या भर दुपारच्या उन्हात तुझं कपाट कसं आवाज करत होतं? बिचारं नुसतं घुरघुरत असेल ना? तेवढं लिही.

आत्या


रेसिस्तेन्सिया, ६ फेब्रुवारी

आत्या, ओतू नकोस. ओतू नकोस, ओतू नकोस.

हे ड्रायव्हरच्या हातात देते आहे आणि त्याला सांगते आहे की तुझ्या दाराशी पोहोचेपर्यंत हॉर्न वाजवत राहा.

तुझं पत्र आज सकाळी आलं. दोनदा वाचलं. मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, मला उत्तर माहीत नाही. दुपारी कपाट कसा आवाज करतं ते मी कधी ऐकलंच नाही. दुपारी इथे कोण जागं असतं? बारा वाजले की सगळं रेसिस्तेन्सिया वामकुक्षी घेतं, मीसुद्धा. मी आकडा पाहायचे तो सकाळी आणि रात्री.

तेव्हा आज झोपले नाही. सगळे घोरायला लागल्यावर शेडमध्ये गेले. पत्रा तापून टकटक वाजत होता. कपाट मात्र गप्प. आकडा चौदा! असल्या भट्टीत, मशीन बंद, आणि चौदा. दार उघडलं. पिंप आणि भिंत यांच्यामध्ये बाबांचा तेरेरेचा जग, पाल्यावर ओतून प्यायच्या गार पाण्याचा, बर्फाने भरलेला, मस्त रेलून बसलेला, आणि त्याचं पोट बरोबर तुझ्या स्पंजवर, सेन्सरवर. पिंपाच्या दुसऱ्या बाजूला हात लावला तर ते तापलेल्या पोरासारखं गरम.

इतक्यात बाबा आले, पाल्याने भरलेला पेला आणि नळी हातात घेऊन, चोरपावलांनी.

"बाबा, हे काय?"

"जग."

"जग मलाही दिसतोय. इथे कशाला?"

"अगं, राजांच्या सणाला दुपारी वीज गेली ना, तेव्हा म्हटलं तुझ्या बिअरला बिचारीला उकडत असेल. म्हणून बर्फ ठेवला. तिलाही गारवा, मलाही गारवा."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरही उकडतंच आहे. रोज दुपारी ठेवतो, संध्याकाळी काढून नेतो. आणि घरातला फ्रीज दुपारी उघडला की तुझी आई झोपेतून ओरडते."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू सगळं एर्मिंदाला विचारतेस."

कळलं का आत्या? थर्मोस्टॅट महिनाभर बाबांचा जग मोजत होता. त्याला वाटायचं, थंड आहे, झोपू या. इकडे दिवसभर तुझी बिअर शिजत होती. तुझं विरजण निर्दोष आहे! निदान दोषी आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मुरंब्यामागे अर्धी बरणी आहे. उद्याच नवा काढा लावते. थांब.

बाबा दोन ओळी लिहायच्या म्हणतात:

एर्मिंदा, मला तुझ्या नाकाचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर जग विहिरीत टाकला असता. थांब जरा, घाई करू नकोस, तुझी जुनी खोड आहे. अन्सेल्मो.


एल बोल्सोन, ११ फेब्रुवारी

नोएमी,

ड्रायव्हरने खरंच हॉर्न वाजवला. सगळ्या कोंबड्या उडाल्या, सालुस्तियानो बंदूक घेऊन बाहेर आला.

पण रविवार होऊन गेला होता. बरणी ओतली. धुऊन खिडकीत उपडी घातली होती, तुझं पत्र मी तिच्या शेजारीच वाचलं. अन्सेल्मोला सांग, मी त्याच्यावर रागावलेली नाही. तो लहानपणीही असाच होता. आमच्या कासवाला थंडी वाजते म्हणून त्याने ते चुलीशेजारी ठेवलं होतं.

आता जे काही आहे ते तुझ्या मुरंब्यामागे आहे. मी आशा धरत नाही. पण जे येईल ते खरं लिही. वाईट असेल तर वाईट लिही, माझी काळजी करू नकोस.

आत्या


रेसिस्तेन्सिया, २६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी काहीच लिहिलं नाही, कारण मला अर्धवट लिहायचं नव्हतं.

बाबांनी कपाटासमोर खुर्ची टाकली आहे. दुपारी ते झोपत नाहीत, तेरेरेही पीत नाहीत, नुसते बसून ऐकतात. मशीन चालू झालं की मान डोलावतात. शेजारचा एउलोहिओ म्हणाला, "अन्सेल्मो, बायकोची एवढी राखण केली असतीस तर!" बाबांनी त्याला हाकलून लावलं. दोनदा वीज गेली, तेव्हा बाबांनी सगळ्या चादरी आणून कपाटाला गुंडाळल्या आणि कुणालाही दार उघडू दिलं नाही. आणि हो, तुझं उत्तर: दुपारी ते घुरघुरतं, मध्येच एक उचकी देतं, आणि मग दमलेल्या माणसासारखा सुस्कारा सोडून थांबतं.

आता वास. पहिल्या सकाळी पीठ. दुसऱ्या दिवशी काडी ओढल्याचा, दुपारपर्यंत गेला. मग पिवळं केळं, ठिपके नुकते पडायला लागलेलं. आणि लवंग आली, आत्या! डब्याचं झाकण उघडल्यावर येते तशी, केळ्याच्या मागून, न चावता. आज बाटलीत भरली. औषध नाही, डिंक नाही. आई पूर्ण पेला प्यायली आणि दुसरा मागितला.

तुझं विरजण चांगलं आहे. बिघडलं काहीच नव्हतं.

पिंपाच्या तळाशी बसलेलं सगळं विरजण दोन बरण्यांत भरलं. एक माझ्याकडे राहील, यापुढे दोन घरांत असू दे. दुसरी तुझ्याकडे पाठवायची, तर बाबा म्हणाले की ड्रायव्हरच्या भरवशावर नाही. ते स्वतः निघालेत. बरणी तेरेरेच्या जगात बर्फात बसवली आहे आणि जग मांडीवर. पाणी कशात पिणार विचारलं तर म्हणाले, "पिणार नाही."

नोएमी


एल बोल्सोन, २० मार्च

लाडके नोएमी,

अन्सेल्मो पोहोचला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, पण बरणी गार होती. वाटेत प्रत्येक थांब्यावर त्याने बर्फ मागून घेतला म्हणे.

जत्रा होऊन गेली. असू दे. आम्ही दोघांनी मिळून काढा लावला. मी हातांनी आणि कानांनी, तो तक्रारींनी. मी त्याला म्हटलं, आता नोएमी इथे नाही, रोज नाक तुला घालायचं आहे. तुला माहीत आहे, त्याला बिअर आवडत नाही, तो तिला घोड्याचं पाणी म्हणतो. पहिल्या दिवशी विचारलं, कसा येतोय? म्हणाला, "छान." दुसऱ्या दिवशीही छान. मी चिडले. म्हटलं, सालुस्तियानो मला इथेच होता, मग तू एवढ्या लांबून कशाला आलास?

काल त्याने झाकण उघडलं आणि तीनदा नाक आत घातलं. मी घाबरले. विचारलं, काय झालं, औषध येतंय का?

तो म्हणाला, "एर्मिंदा, आईचं कपाट."

"कुठलं कपाट?"

"कपड्यांचं गं. केळ्यांचा घड चादरीत गुंडाळून ती तळाशी पिकत घालायची. आणि कपड्यांना कसर लागू नये म्हणून लवंगांच्या पुरचुंड्या. आपण लपंडावात आत जाऊन बसायचो, आठवतं? दार लावलं की जो वास यायचा, तो. अगदी तो."

नोएमी, मला वास आला. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे. चादरीचा, केळ्याचा, लवंगेचा, अंधारात माझ्या पायावर बसलेल्या अन्सेल्मोचासुद्धा. तुझी सगळी पत्रं मी पाठ होईपर्यंत वाचली आहेत, आणि तू लिहिलंस ते सगळं खरं होतं, पण ते मला कळलं काल. मी पिंपाला धरून रडायला लागले.

तो घाबरला. झाकण हातात घेऊन म्हणाला, "काय गं? बिघडली का?"

मी म्हटलं, "नाही रे. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

तुझी,
एर्मिंदा आत्या